एक बोट खाली

माझ्या मायच्या उजव्या गालावर चार निळे ठिपके होते आणि ते चारही चुकीच्या जागी होते. आज मी हे शांतपणे लिहिते आहे. तेव्हा मात्र मी तिच्यावर अशी काही तडकले होते की नागपूरच्या धर्मशाळेतल्या बायका भांडी घासायचं थांबवून आमच्याकडे बघत राहिल्या होत्या.

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखालचं. घरची धानाची शेती, आणि उन्हाळ्यात जंगलातून मोहफुलं, तेंदूपत्ता जे मिळेल ते. मी तुमसरला मावशीकडे राहून बारावी सायन्स करत होते. गावातून सायन्सला गेलेली पहिलीच मुलगी म्हणून मला भलताच तोरा होता. सुटीत घरी आले की चुलीतला धूर, मिठाचं पाणी, लोखंडाचा गंज अशा दिसेल त्या गोष्टीचं मी रसायनशास्त्र सांगत सुटायची. बाबा कौतुकानं ऐकायचे. माय म्हणायची, "ते सारं खरं, पयले पाणी आन."

दहावीपर्यंत आमचा अणू मराठीत होता. मधे अणुकेंद्र, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन. अकरावीला कॉलेजात तोच अणू इंग्रजीत सुरू झाला आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचा चेहरा उतरला. आमचे रसायनाचे सर मात्र हळूच मराठीत यायचे. फळ्यावर मोठा गोल, त्यात छोटा गोल काढायचे आणि म्हणायचे, "हे चित्र खोटं आहे बरं का. अणू या वर्गाएवढा केला, तरी मधलं केंद्र तुम्हाला दिसायचं नाही. बाकी सगळी रिकामी जागा." समस्थानिकं शिकवताना त्यांनी सांगितलं होतं की मूलद्रव्याचं नाव ठरतं ते प्रोटॉनच्या संख्येवरून. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर वजन बदलतं, नाव बदलत नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते सगळे एकाच घरात बसतात, म्हणून समस्थानिक. आणि रसायनशास्त्राला त्यांच्यातला फरक कळत नाही, कारण रसायनशास्त्राचा सगळा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनशी.

कोबाल्टची माझी ओळख प्रयोगशाळेतली. कोबाल्ट नायट्रेटची बाटली, आत गुलाबी पाणी. आणि बोरॅक्सचा मणी. तारेच्या टोकावर बोरॅक्स तापवून त्याचा काचेसारखा मणी करायचा, त्याला कोबाल्टचा कण लावून पुन्हा ज्योतीत धरायचा, की मणी गर्द निळा होतो. इतका सुंदर निळा मी आधी कधी पाहिला नव्हता. सर पाठमोरे झाले की मी उगाचच दुसरा मणी करायची.

मायच्या गालाच्या आत घाव झाला तो त्याच वर्षी. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं तर बायका गालात तंबाखू-चुना धरून ठेवतात. मायची जागा ठरलेली, उजवा गाल. आधी तिनं लपवलं. मग तिखट सोसेना म्हणून भाजी वेगळी काढू लागली. माझी परीक्षा होईपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही. तुमसरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि शेक द्यायचा म्हणून सांगितलं. शेक म्हणजे किरणांचा उपचार. आठवड्याचे पाच दिवस, दीड-दोन महिने.

ज्या खोलीत शेक देत, तिच्या दारावर पाटी होती, कोबाल्ट. ती वाचून मी जागीच थांबले. अनोळखी गावात ओळखीचा माणूस भेटावा तसं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. दार जाडजूड, वर लाल दिवा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे कोबाल्ट म्हणजे काय वो बाई? तुया पुस्तकात हाये काय?"

आणि मी व्हरांड्यात बसून दोघांना सांगू लागले. सांगताना माझाच धीर वाढत होता, म्हणून जरा जास्तच सांगितलं. कोबाल्टच्या केंद्रात सत्तावीस प्रोटॉन. आमच्या बाटलीतल्या कोबाल्टला बत्तीस न्यूट्रॉन. या खोलीतल्या कोबाल्टला तेहेतीस. नाव तेच, घर तेच, एक न्यूट्रॉन जास्त.

"मंग तो जास्तीचा एक काय करते?" मायनं विचारलं. तिला तेव्हा बोलता येत होतं.

"काही नाही वो. त्याले विद्युतभारच नसते. नुसता बसून राह्यते. पण त्याच्यापायी सारं केंद्र बेचैन होते. मंग कधीतरी ते बदलून जाते, कोबाल्टचं निकेल होते, न त्या वक्ताले किरण निघते. तेच तुया घावावर सोडतेत."

माय म्हणाली, "म्हणजे घरात एक पाहुणा जास्त झाला. तो बोलत नाही, चालत नाही, तरी घरच्याइले झोप नाही."

"हो, तसंच."

"न बाहेरून पाह्यलं त घर जसंच्या तसं."

बाबा हसले. दवाखान्यात आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. इतकं नेमकं मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मायच्या गालावर जांभळ्या औषधानं एक चौकोन आखला. गालाच्या हाडापासून जबड्याखालपर्यंत. चारही कोपऱ्यांवर फुल्या. आतलं मशीन फिरवून त्याचा उजेडाचा चौकोन या रेघांवर नेमका बसवायचा, मगच किरण सोडायचे. रोज त्याच जागी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. निशाण गेलं तर मला जागा सापडणार नाही. काहीही झालं तरी हे जायला नको."

मायनं मान डोलावली. ते शेवटचं वाक्य तिनं गाठीला बांधलं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

एप्रिल होता. नागपूरच्या उन्हात रेघा टिकणार कशा? माय पदर गालापासून लांब धरून बसायची. झोपायची ती डाव्या कुशीवरच. घाम आला की टिपायची नाही, वारा घालायची. शनिवारी-रविवारी शेक नसायचा, तेव्हा आम्ही गाडीनं तुमसर रोडला उतरून एसटीनं मोहाडीला मामाकडे जायचो, कारण गावापर्यंतचे हेलपाटे तिला झेपत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी तांदूळ आणायला गावी गेले आणि माय मोहाडीलाच राहिली. त्या दिवशी तिथला बाजार होता.

सकाळी मामाच्या आरशात तिला दिसलं की चौकोनाची खालची रेघ घामानं उतरली आहे. फुल्या पसरून खाली ओघळल्या आहेत. बाबा माझ्यासोबत गावी. मामा बाजारात धानाच्या दुकानावर. सांगायचं कुणाला? ती पदर घेऊन उठली आणि बाजारात गेली, गोंदणारणीकडे.

जे जायला नको ते आमच्याकडे गोंदतात. मायच्या हनुवटीवर लहानपणचे तीन ठिपके होते, कपाळावर एक, दोन्ही हातांवर नक्षी. दागिने, लुगडं, भांडं सगळं इथंच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं सोबत जातं, असं आमच्या बायका मानतात. तेव्हा डॉक्टर म्हणतो जायला नको, निशाण तर चाललं आहे, मग यावर उपाय काय हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. गोंदणारणीनंही विचारलं नाही. गालावर ठिपके घेणाऱ्या बायका तिनं खूप पाहिल्या होत्या. तिनं काजळी कालवली, सुयांचा जुडगा हातात घेतला, इकडचं तिकडचं बोलत मायचं मन रमवलं आणि पसरलेल्या चार फुल्या जिथं दिसत होत्या तिथं चार ठिपके घातले. वरून हळद चोळली. हळदीसोबत उरल्यासुरल्या रेघाही गेल्या.

सोमवारी पहाटेची गाडी पकडायला मी मोहाडीला आले तर मायचा गाल टरारून सुजलेला, पिवळा, आणि त्यावर चार काळे ठिपके. माय मला पाहून हसायचा प्रयत्न करत होती.

"आता नाही जात," ती म्हणाली.

धर्मशाळेत पोचेपर्यंत मी दात आवळून बसले होते. तिथं पोचल्यावर मात्र माझा तोल गेला. "तुले अक्कल हाये का नाही? कोनं सांगतलं होतं तुले? भाजलेल्या कातड्यात सुया टोचून घेते कोनी?" मी ओरडत होते आणि माय हौदाशी बसून माझ्याकडे बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं की माझं बिघडलं काय. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्यायनंच त म्हटलं होतं, काहीही झालं तरी जाले नको."

माझा राग तसाच राहिला, आणि आता तो डॉक्टरांवर, उन्हावर, रेल्वेवर, सगळ्यांवर होता.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद काढले, मोजपट्टी लावली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. ठिपके एक बोट खाली होते. त्या ठिपक्यांवर मशीन लावलं असतं तर घावाची वरची कड सुटली असती आणि किरण विनाकारण मानेत गेले असते. आणि सूज उतरेपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. "मधे खंड पडणं चांगलं नाही," ते बाबांना म्हणाले. "आपण थांबतो, आजार थांबत नाही." बाबांनी हात जोडले. कशासाठी जोडले ते त्यांनाही माहीत नसावं.

ते थांबण्याचे दिवस मला अजून नको वाटतात. माय भाताची पेजसुद्धा गिळू शकत नव्हती. दुपारी झळा लागायच्या. दाराआड तो कोबाल्ट, कुणी समोर असो नसो, क्षणाक्षणाला निकेल होत होता. मशीन चालवणाऱ्या आतल्या माणसानं मला सांगितलं होतं, "सोर्स पुराना हो गया, इसलिए टाइम ज्यादा लगता है." पाचेक वर्षांत निम्मा कोबाल्ट संपतो, हे मी पाठ केलेलं होतं. पाठ केलं तेव्हा तो एका मार्काचा प्रश्न होता. आता मी व्हरांड्यात बसून चिडायची की आत एवढे किरण फुकट चालले आहेत आणि माझी माय इथं बाहेर बसली आहे.

सूज उतरली. डॉक्टरांनी नव्यानं चौकोन आखला. पहिली जागा शोधायला त्यांनी मोजपट्टीचं एक टोक ठेवलं ते मायच्या हनुवटीवरच्या जुन्या गोंदणावर. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर काढलेल्या गालाच्या नकाशात ते आलेलं होतं. मायनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की बोलता येत असतं तर नक्की टोमणा मारला असता. पण तोंड आतून पूर्ण सोललं होतं, बोलणं बंद झालं होतं.

आता तिच्या गालावर दोन चौकोन झाले. एक जांभळ्या फुल्यांचा, खरा, रोज थोडा थोडा पुसट होणारा. दुसरा चार ठिपक्यांचा, खोटा आणि ठसठशीत. ठिपक्यांचा काळा रंग उतरून निळा झाला होता. बाहेरून पाहणाऱ्याला कळू नये की किरण कुठं सोडायचे. गोंदण काही पुसता येत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर लाल शाईनं लिहिलं, आतल्या माणसाला दोनदा समजावलं. तरी मला झोप लागत नसे.

आणि मला भीती होती तेच झालं. एक दिवस आतला नेहमीचा माणूस सुटीवर होता. बदलीवर आलेला घाईत होता, बाहेर रांग होती. मायला टेबलावर झोपवून तो मला म्हणाला, "आप बाहर जाइए," आणि मायला म्हणाला, "माताजी, हिलना नहीं, बिलकुल." मी दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. उजेडाचा चौकोन मायच्या गालावर सरकत आला आणि निळ्या ठिपक्यांवर नेमका बसला. चारही कोपरे. त्याला तेच निशाण स्पष्ट दिसत होतं.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी मायचा हात वर आला. हलायचं नाही हा नियम तिनं इतके दिवस असा पाळला होता की नाकावर माशी बसली तरी ती हलत नसे. त्या दिवशी तिनं त्या माणसाचं मनगट धरलं. तो "अरे, अरे" करत होता. तिनं त्याचं बोट आपल्या गालावर टेकवलं, पुसट जांभळ्या फुलीवर, आणि दाबून धरलं. मग दुसऱ्या फुलीवर. गाल भाजलेला होता, हात लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तसं पाणी येत होतं, पण तिनं बोट सोडलं नाही. चारही फुल्या झाल्या तेव्हा सोडलं आणि हात पुन्हा अंगाशी लावून सरळ पडून राहिली.

त्या माणसानं कागद पुन्हा वाचला. चौकोन एक बोट वर सरकवला. मला म्हणाला, "सही है. अब जाइए." दार बंद झालं आणि लाल दिवा लागला. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून रडले, मोठ्यानं, कोण बघतं आहे याची पर्वा न करता. तिला मी अक्कल नाही म्हटलं होतं. अख्ख्या दवाखान्यात आपल्या जिवाची नेमकी जागा त्या क्षणी तिला एकटीला ठाऊक होती.

मृगाच्या सुमारास शेक संपला. डॉक्टर म्हणाले, "आता निशाण धुतलं तरी चालेल." माय धुवायला तयार होईना. आम्ही गावी आलो, पेरणी झाली, रोवणी झाली, आणि माय गालावर पाणी येऊ न देता अंघोळ करत राहिली. फुल्यांचे डाग जवळजवळ गेलेच होते, पण जे उरले होते ते ती जपत होती. घाव परत येऊ नये म्हणून ती ते कुंपण ठेवते आहे, हे मला उमगलं होतं, आणि या वेळी मी रसायनशास्त्र सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी तपासणी झाली. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि घाव भरला म्हणाले. घरी आल्यावर माय आपणहून न्हाणीत जाऊन बसली. "पुस," मला म्हणाली. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून हळूहळू पुसलं. कातडं काळवंडलेलं, पातळ झालेलं. डाग गेले. चार निळे ठिपके राहिले.

"हेच राह्यले," मी म्हटलं. "चुकीचे होते तेच."

"चुकीचे कायले?" माय म्हणाली. तिचा आवाज आता घोगरा झाला होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. "डॉक्टरचं निशाण मले इथं ठेवासाठी होतं. झालं त्याचं काम. हे सोबत नेवासाठी हाये. त्याले काहून नावं ठेवते तू?"

ती पुढं बरीच जगली. तंबाखू सुटला. मी रसायनशास्त्रात पदवी घेऊन शिक्षिका झाले ते तिनं पाहिलं. दर वर्षी समस्थानिकं शिकवताना मी कोबाल्टचंच उदाहरण द्यायची. पोरांना बजावून सांगायची की केंद्रात एक इकडचं तिकडं झालं तर सगळं बदलतं, या विषयात थोडंसं चुकलं म्हणजे चुकलंच. मायची गोष्ट मात्र वर्गात कधी सांगितली नाही.

ती गेली ती दुसऱ्याच दुखण्यानं, ऐंशीचं दशक संपता संपता. अंगणात तिला शेवटची अंघोळ घालताना मी तिचा चेहरा माझ्याकडे घेतला होता. हनुवटीवरचे तीन ठिपके पुसट झाले होते, कपाळावरचा दिसतही नव्हता. गालावरचे चार तेवढे ठळक होते, बोरॅक्सच्या मण्यासारखे निळे. पाणी घालणाऱ्या म्हातारीनं वाकून पाहिलं.

"हे कोनं गोंदलं वो बाई? ना हनुवटीवर, ना गालाच्या मधोमध. जागा चुकली वाट्टे."

मी मायच्या गालावर बोट ठेवलं. एका ठिपक्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या.

"नाही चुकली," मी म्हटलं. "जागेवरच हाये."